तळोद्याचा भाचा आणि भाऊसाहेबांची बैठक

तळोद्याला बारगळांची गढी आहे. आमच्या कॉलेजातली बरीच पोरं त्या बाजूनंच एसटीनं येतात. मामाकडे वाढलेल्या मल्हारची आणि रानात झोपलेल्या पोरावर नागानं फणा धरल्याची गोष्ट त्यांना शाळेपासून पाठ असते. म्हणून राज्यशास्त्राच्या तासाला ‘युद्धकाळात राज्यकर्त्यानं जुन्याजाणत्या परराष्ट्र सल्लागारांचं ऐकावं का’ हा विषय निघाला, तेव्हा व्हिएतनाम आणि इराक मी बाजूला ठेवले आणि जवळचाच माणूस घेतला. मल्हारराव होळकर. जन्म १६९३ चा, नीरेकाठच्या होळ गावचा. वडील लवकर गेले, आई पोराला घेऊन भावाकडे, भोजराज बारगळांकडे तळोद्याला आली. पुढं कंठाजी कदम बांड्यांच्या पथकात शिलेदारी, मामाच्याच मुलीशी, गौतमाबाईंशी लग्न, आणि मग बाजीरावांबरोबर माळवा. म्हणजे हा तळोद्याचा भाचाही आणि जावईही.

दोन तास म्हणून धरलेला विषय सहा तास चालला. फळ्यावर जे लिहिलं, पोरांनी जे खोडलं आणि नंतर मला जे सुचलं, ते सगळं एकत्र करून हे टिपण केलं आहे.

परराष्ट्र कुठलं?

पहिलीच शंका रास्त होती. दिल्ली हे परराष्ट्र कसं? आजच्या नकाशानं नाही, पण १७६० च्या पुण्याला ते होतंच. तिथली भाषा फारसी. तिथले वजीर, नवाब, रोहिले, जाट, राजपूत यांची आपापसातली नाती आणि वैरं पुण्यात बसून कळण्यासारखी नव्हती. दरबारात पेशव्यांचे वकील ठेवावे लागत, हिंगणे घराण्यानं ते काम पिढ्यांनी केलं. १७५२ मध्ये बादशहाशी करार झाला तो दोन राज्यांत होतो तसाच होता : अफगाणांचा बादशहा अहमदशहा अब्दाली याच्यापासून आणि घरच्या बंडखोरांपासून तुम्ही बादशाही राखा, बदल्यात पंजाब-सिंधपर्यंतच्या चौथाईचे हक्क घ्या. त्याच्या आधल्या वर्षी मल्हारराव आणि जयाप्पा शिंदे अयोध्येच्या सफदरजंगासाठी फर्रुखाबादच्या बंगश पठाणांशी आणि रोहिल्यांशी लढले होते. त्या भागात कोण कोणाचा मेहुणा आणि कोण कोणाचा देणेकरी, हे तोंडपाठ असलेला पुण्याचा एकच ज्येष्ठ माणूस १७६० मध्ये हयात होता. बाजीराव गेले होते, राणोजी शिंदे गेले होते, जयाप्पा नागोरला मारले गेले होते. उरले होते मल्हारराव.

जून-जुलै १७६०

फेब्रुवारीत उदगीरला निजाम हरला होता. त्या तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख मिळाला आणि आमच्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे असीरगड आणि बऱ्हाणपूर, जुन्या खानदेशाची राजधानीच, पुण्याकडे आली. त्या विजयाचा सेनापती सदाशिवराव भाऊ. तिशीला टेकलेला, हिशेबात कडक, कारभारात हुशार, कर्नाटकात आणि उदगीरला यश मिळवलेला. नर्मदेच्या उत्तरेला मात्र त्यानं मोहीम चालवली नव्हती. मार्चमध्ये परतुडाहून निघालेली फौज बऱ्हाणपूर, हंडिया, सिरोंज, ग्वाल्हेर करत जूनमध्ये चंबळेपलीकडे पोचली. नावाची मुख्य जागा पेशव्यांच्या थोरल्या मुलाकडे, विश्वासरावाकडे. तो अठरा वर्षांचा.

इथं मल्हारराव आणि भरतपूरचा राजा सूरजमल जाट येऊन मिळाले. बैठक झाली. दोघांचा सल्ला थोडक्यात असा : बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे आणि जड तोफा पुढं नेऊ नका. चंबळेमागं ग्वाल्हेर-झाशीला ठेवा, नाहीतर सूरजमलाचे डीग, कुंभेर, भरतपूर हे किल्ले आहेत, तिथं ठेवा. हलक्या घोडदळानं अब्दालीची रसद तोडा. समोरासमोर उभे राहू नका. वेळ काढा, हे लोक थंड मुलखातले आहेत, कंटाळून परत जातील.

भाऊनं तो मानला नाही. काशीराज पंडिताच्या वृत्तांतात असं आहे, की मल्हाररावांची उमेद आणि अक्कल दोन्ही वयाबरोबर गेली आणि सूरजमल हा तर एक जमीनदार, अशा सुरात ती सूचना उडवली गेली. हा काशीराज मराठी माणूस, पण चाकरी अयोध्येच्या नवाबाची, शुजाउद्दौल्याची, म्हणजे शत्रूच्या छावणीतली. लिहिलं वीस वर्षांनी. तेव्हा शब्द जसेच्या तसे धरू नयेत. सल्ला दिला गेला आणि मोडला गेला, एवढं मात्र पुढच्या घटनांवरून उघड आहे : माणसं आणि तोफा दोन्ही पानिपतापर्यंत गेली.

इथवर वर्ग माझ्या अपेक्षेप्रमाणं चालला. ‘म्हणजे ऐकायला हवं होतं’ असं सगळे म्हणाले. घंटा झाली.

दुसऱ्या तासाला : १७५७

दुसऱ्या दिवशी मी तारीख तीन वर्षं मागं नेली.

ऑगस्ट-सप्टेंबर १७५७. रघुनाथराव आणि मल्हारराव दिल्लीत. नजीबखान रोहिला, ज्यानं अब्दालीला साथ दिली होती, तो मराठ्यांच्या हाती सापडलेला. रघुनाथरावांना तो संपवायचा होता किंवा निदान कायमचा निकालात काढायचा होता. मल्हाररावांनी शब्द टाकला. नजीब त्यांना वडिलांच्या जागी मानत असे, तेही त्याला धर्मपुत्र म्हणत. रघुनाथराव तेविशीचे, तर मल्हारराव चौसष्ट वर्षांचे. नेत्यानं जाणत्या सल्लागाराचं ऐकलं. नजीब दिल्ली सोडून यमुनेपलीकडे आपल्या जहागिरीत सुखरूप गेला.

दोन वर्षांत त्याच नजीबानं अब्दालीला पुन्हा बोलावलं. शुक्रतालला त्याला वेढून बसलेला दत्ताजी शिंदे मध्ये अडकला आणि १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर मारला गेला. भाऊला उत्तरेत यावं लागलं ते या मरणामुळं.

नजीबाला का वाचवलं? बखरकार एक वाक्य मल्हाररावांच्या तोंडी घालतो. शिंद्यांना ते सांगतात, की नजीब शिल्लक राहू द्या, तो मोडला की पेशवे तुम्हांला धोतरं बडवायला लावतील. हे शब्द खरोखर बोलले गेले की नंतर रचले गेले, यावर भांडण्यात अर्थ नाही. हिशेब मात्र पटण्यासारखा आहे. उत्तरेत शत्रू आहे तोवर सरदारांची गरज आहे. शत्रू संपला, की पुण्याचा कारकून हिशेबाची वही घेऊन दारात उभा. आणि त्या वहीचा सगळ्यात कडक माणूस कोण, तर सदाशिवराव भाऊच.

म्हणजे फळ्यावर आता दोन ओळी होत्या. १७५७ : ऐकलं, महागात पडलं. १७६० : ऐकलं नाही, त्याहून महागात पडलं. सल्लागार एकच.

पोरं गप्प. मागच्या बाकावरून एक जण अहिराणीत म्हणाला, “मंग कोनं आयकानं?”

भाऊची बाजू

शाळेच्या पुस्तकांनी आणि नाटकांनी भाऊला एक तर हट्टी तरुण केलंय, नाहीतर शहीद. अभ्यासाला दोन्ही निरुपयोगी. त्याच्या जागी बसून पाहिलं, तर त्यानं सल्ला मोडला त्याला तीन कारणं दिसतात, आणि तिन्ही पोकळ नाहीत.

एक. ज्या पद्धतीची शिफारस मल्हारराव करत होते, ती त्यांनी स्वतः चार महिन्यांपूर्वी वापरून पाहिली होती. दत्ताजी पडल्यावर अब्दालीच्या अवतीभवती घोडदळ फिरवत त्यांनी बरीच धावपळ केली, आणि मार्च १७६० मध्ये गंगा-यमुनेमधल्या दुआबात सिकंदराबादजवळ अब्दालीचा सरदार जहानखान यानं त्यांच्या फौजेवर अचानक झडप घालून ती उधळून लावली. सह्याद्रीत गनिमी काव्याला डोंगर मदत करतो. यमुनेच्या काठी डोंगर कुठला? सपाट रान, अनोळखी गावं आणि आपल्याइतकीच चपळ अफगाण घोडी. भाऊनं विचारलं असेल, की काका, हे करूनच तुम्ही इकडं आलात ना?

दोन. अब्दाली उन्हाळ्याला कंटाळून जाईल, हा अनुभवाचा आधार होता. १७५७ मध्ये मथुरा-आग्र्याकडे त्याच्या फौजेत पटकी पसरली आणि तो परत गेला होता. पण १७६० चा अख्खा पावसाळा त्यानं अनूपशहरला छावणीत काढला. नजीबानं त्याला राहायला लावलं, पैशाची आणि धान्याची तजवीज केली. ‘हे लोक थांबत नाहीत’ हे इतक्या वर्षांचं ज्ञान त्या एका वर्षी चुकत होतं. जुन्या माणसाचा घात असाच होतो. जे दहा वेळा खरं ठरलं ते अकराव्यांदा खरं ठरेलच, याची त्याला शंकाही येत नाही.

तीन. उदगीर. तिथं इब्राहीमखान गारद्याच्या तोफांनी आणि कवायती पलटणींनी काय केलं, हे भाऊनं डोळ्यांनी पाहिलं होतं. लढाईची नवी पद्धत त्याच्या हातात होती आणि तिला जुनी माणसं नाकं मुरडत होती. पगारी पलटण आली की सरदाराच्या घोडदळाचं महत्त्व कमी होतं, तेव्हा मल्हारराव तोफा मागं ठेवा म्हणतात त्यात त्यांचं स्वतःचं किती, हा संशय यायचाच. नजीबप्रकरण डोक्यात ताजं असताना तर यायचाच यायचा.

मला वाटतं भाऊ इथंच अडकला. या माणसाचा हेतू संशयास्पद आहे, म्हणून या माणसाचं सगळंच टाकाऊ, असं त्यानं धरलं.

जिनिंगवाला

शहाद्याकडच्या एका मुलीनं इथं जे सांगितलं ते मी माझ्या टिपणात शब्दशः उतरवलंय. तिच्या घरी कापूस. ती म्हणाली, “सर, कापूस ओला आहे का कोरडा, हे जिनिंगवाला नुसता हात घालून सांगतो. त्यावर बाबा कधी वाद घालत नाहीत. पण तोच जेव्हा म्हणतो, की आज टाकून द्या, उद्या भाव पडणार, तेव्हा बाबा गाडी उभी करतात आणि दुसऱ्या जिनात विचारून येतात.”

“आणि दुसऱ्या जिनातही तेच सांगितलं तर?”

“त्या दोघांचं आपसात पटत नसेल तर विकून टाकायचा.”

राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात यापेक्षा चांगली कसोटी मी वाचलेली नाही. ती भाऊच्या बैठकीला लावून पाहू.

दुसरा जिन म्हणजे सूरजमल. त्याचं आणि मल्हाररावांचं पटत होतं का? १७५४ मध्ये याच सूरजमलाच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातलेला असताना मल्हाररावांचा एकुलता एक मुलगा खंडेराव तोफेच्या गोळ्यानं मारला गेला. अहिल्याबाईंचा नवरा तो. सूरजमलाचं शिर कापीन आणि कुंभेरची माती यमुनेत टाकीन, अशी शपथ बापानं घेतल्याचं सांगतात. तह झाला, शपथ राहिली. त्या तहात जयाप्पांनी हात घातला म्हणून होळकर-शिंद्यांत जी फट पडली, ती पुढं बुजलीच नाही.

आता सहा वर्षांनी एका तंबूत हे दोघं बसलेत. एकाचा मुलगा दुसऱ्याच्या किल्ल्याखाली मेलाय. आणि दोघं शब्दाला शब्द एकच सांगतायत : बायकापोरं मागं ठेवा, तोफा मागं ठेवा. मल्हाररावांचा स्वार्थ असेल, पण तो सूरजमलाचा स्वार्थ नव्हता. सूरजमलाचाही असेल, दिल्लीवर त्याचा डोळा होताच, पण त्यात मल्हाररावांना काही मिळत नव्हतं. इतकं वैर असलेली दोन माणसं जिथं एकमत होतात, तिथं ते मत त्यांच्या स्वार्थातून आलेलं नसतं, त्या जमिनीतून आलेलं असतं. भाऊला हा ताळा फुकट मिळाला होता. तो त्यानं मांडून पाहिला नाही.

एक गोष्ट खरी, की सल्ल्याचे तुकडे करणं सोपं नसतं. मल्हाररावांच्या बोलण्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या. न लढणाऱ्यांना मागं ठेवा, हा रसदीचा प्रश्न. समोरासमोर लढू नका, हा लढाईच्या पद्धतीचा. आणि अब्दाली जाईल, हा राजकारणाचा अंदाज. तिसरी गोष्ट चुकली होती, दुसरी वादाची होती, पहिली मात्र कुठल्याही पद्धतीनं लढलं तरी खरीच राहणार होती. यात्रेकरूंना तोफांच्या लढाईतही काम नसतं.

सारंगखेड्याचा हिशेब

रसदीचं गणित पोरांना कळेना, म्हणून डिसेंबरात दत्तजयंतीच्या यात्रेला सारंगखेड्याला गेलो तेव्हा घोडेबाजारात एका जुन्या व्यापाऱ्याकडे बसलो. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांच्यामागं एक अबलख घोडी दावणीला, तोबऱ्यात तोंड घालून भिजवलेला हरभरा खात होती. तोबरा रिकामा झाला तेव्हा तिनं तो झटकून आबांच्या खांद्यावर आपटला. ते न वळताच उठले, पोत्यातून दोन ओंजळी आणखी घातल्या आणि परत बसले.

चांगल्या घोड्याला रोज सहा-सात किलो सुका चारा आणि वर दोन-तीन किलो चंदी, म्हणजे दाणा, असा त्यांचा हिशेब. चरायला सोडलं तर चारा कमी. “बांधेल घोडा घर खास,” ते म्हणाले.

मी पानिपत सांगितलं. आबांना ते ठाऊक होतंच, पण खंदकातले अडीच महिने त्यांनी घोड्यांच्या बाजूनं ऐकले. मग म्हणाले, “सर, घोडाले सल्ला नही, चंदी लागस.”

परत येऊन फळ्यावर मांडलं. नुसती पन्नास हजार घोडी धरू. नऊ किलोनं रोजचे साडेचार लाख किलो, म्हणजे ४५० टन. आजचे दहा टनी ४५ ट्रक, रोज. त्या काळचं दख्खनी घोडं लहान चणीचं म्हणून निम्मं धरा, तरी बावीस-तेवीस ट्रक. त्यात बैल नाहीत, हत्ती नाहीत, उंट नाहीत, आणि लढणाऱ्यांहून कितीतरी जास्त असलेली न लढणारी माणसं नाहीत. फौज चालती असते तोवर हा खर्च वाटेवरची गावं आणि रानं सोसतात. फौज खंदकात बसली, की एकेक गवताची काडी बाहेरून आणायची, आणि आणणारा शत्रूच्या घोडदळाच्या तावडीतून जाणार.

एका मुलानं ‘म्हणजे मल्हाररावांचा सल्ला भूगोलाचा होता’ असं म्हटलं. मी म्हटलं, चाऱ्याचा होता.

पुढं काय झालं

हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर. ऑगस्टच्या सुरुवातीला दिल्ली घेतली. पैसा नव्हता, म्हणून दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून वितळवलं, सुमारे नऊ लाख निघाले. सूरजमल रुसून निघून गेला. छतामुळं की दिल्लीच्या कारभाराच्या वाटणीमुळं, यावर मतभेद आहेत. ऑक्टोबरात भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्यावर गेला, किल्ला घेतला, धान्य मिळालं. तो तिकडं असताना अब्दालीनं बागपतजवळ भरल्या यमुनेतून फौज उतरवली आणि दिल्लीची वाट तोडली. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. दुआबातून रसद पाठवणारे आणि शत्रूची तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. चाऱ्याचं गणित तिथंच संपलं.

जो सल्ला जुलैत मोलाचा होता तो डिसेंबरात वापरण्यासारखा उरला नव्हता, हे पोरांना पटवायला मला बराच वेळ लागला. बायकापोरांना आता मागं पाठवायचं कुठून? वाट कुठली? सल्ल्याला कापसासारखाच हंगाम असतो. शेवटी भाऊनं काशीराजाकडे तहासाठी चिठ्ठी पाठवली, पेला काठोकाठ भरलाय, आता थेंब मावत नाही, अशा अर्थाची. उत्तराला वेळ नव्हता. १४ जानेवारी १७६१.

त्या दिवशी मल्हारराव उजव्या बाजूला होते, जनकोजी शिंद्यांबरोबर. समोर नजीब. विश्वासराव पडला, मधली फळी मोडली, तेव्हा ते आपलं पथक घेऊन निघाले. पळाले म्हणणारे आहेत. भाऊनंच स्त्रियांना सांभाळून न्या म्हणून सांगितलं होतं, असं म्हणणारेही आहेत. खानदेशात हा वाद चहाच्या टपरीवरही तापतो, आणि मी त्यात वर्गात शिरलो नाही. प्रकरणाला तो लागत नाही.

पलीकडचा तंबू

प्रकरणाला लागणारी गोष्ट वेगळी आहे, आणि ती सहसा कोणी पाहत नाही. सल्लागार अब्दालीकडेही होते. तो तर खरा परका. त्याला हिंदुस्थानच्या राजकारणात बोट धरून नेणारा माणूस म्हणजे नजीब. आणि स्वार्थाच्या कसोटीवर नजीबाइतका नापास सल्लागार शोधून सापडणार नाही : मराठे राहिले तर त्याची जहागीर आणि मानही जाणार होती. पानिपतावर तहाची बोलणी चालली तेव्हा शुजाउद्दौला तहाच्या बाजूला होता. अब्दालीचा वजीर शाह वलीखानही तिकडं झुकला होता. नजीबानं मोडता घातला. अब्दालीनं नजीबाचं ऐकलं.

आणि जिंकला.

मग काय मिळालं? मार्चमध्ये त्याच्या फौजेनं थकलेल्या पगारासाठी परत जायचा धोशा लावला आणि तो दिल्ली सोडून गेला. पेशव्यांना त्यानं सलोख्याचं पत्र पाठवलं. दिल्लीत कारभार कोणाच्या हाती राहिला? नजीबाच्या. युद्ध अब्दालीनं लढलं, माणसं त्याची मेली, फळ सल्लागाराच्या झोळीत पडलं. म्हणून ‘त्यानं ऐकलं आणि जिंकला, यानं ऐकलं नाही आणि हरला’ असं सूत्र कोणी वहीत लिहिलं, तेव्हा मी ते खोडायला लावलं. जिंकण्यावरून सल्ल्याची परीक्षा होत नाही. कोणाचं काम झालं ते पाहावं लागतं.

शुजाचा एक पदर राहिला. शुजा अब्दालीकडे जावा की भाऊकडे, हे जुलै १७६० पर्यंत ठरलेलं नव्हतं. नजीब स्वतः अयोध्येला गेला आणि त्याला घेऊन आला. भाऊनं पत्रं, वकील पाठवले होते. पण ज्या मल्हाररावांनी शुजाच्या बापासाठी, सफदरजंगासाठी रक्त सांडलं होतं, त्यांच्या जुन्या घरोब्याचा या कामी पुरता उपयोग झाला नाही. माझ्या मते भाऊची ही सगळ्यात मोठी चूक, चाऱ्यापेक्षाही. मल्हाररावांना लढाईचा सल्ला विचारला आणि तो मोडला. माणसं जोडण्याचं काम, जे त्यांना हिंदुस्थानात सगळ्यात चांगलं येत होतं, ते त्यांच्यावर सोपवलं नाही. विचारायचं ते सोडून भलतंच विचारलं.

तासाच्या शेवटी

शेवटच्या तासाला मी मतदान घेतलं. तुम्ही भाऊ आहात, जुलै १७६० आहे, १७५७ तुम्हांला माहीत आहे, पानिपत माहीत नाही. ऐकणार का? वर्ग जवळजवळ अर्धा-अर्धा फुटला. शहाद्याच्या मुलीनं हात वर केला नाही. का, विचारलं, तर म्हणाली, “कुठलं ऐकू ते तुम्ही विचारलंच नाही.”

एका मुलानं मात्र मला अडचणीत टाकलं. तो म्हणाला, सर, मल्हारराव पुढं सुधारले का? पानिपतानंतर त्यांना काही कळलं असेल ना?

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, आणि ते त्याला आवडलं नाही. डिसेंबर १७६३ मध्ये सूरजमल नजीबाच्या फौजेकडून मारला गेला. त्याचा मुलगा जवाहरसिंह सूड घ्यायला निघाला आणि पैसे मोजून त्यानं मल्हाररावांची मदत घेतली. १७६४ च्या हिवाळ्यात दिल्लीला वेढा पडला, आत नजीब. मल्हारराव एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी ढिलाईनं लढाई केली, आतून नजीबाशी बोलणी ठेवली, आणि फेब्रुवारी १७६५ मध्ये तडजोड झाली. नजीब पुन्हा वाचला.

त्याच १७६५ साली त्यांनी सुनेला, अहिल्याबाईंना पत्र लिहिलं. त्या फौजेबरोबर उत्तरेच्या वाटेवर होत्या. पत्रात कौतुक नाही, आशीर्वादाचा घोळ नाही, नुसत्या सूचना : चंबळ उतरून ग्वाल्हेरला जा. चार-पाच दिवस मुक्काम करा. दारूगोळ्याची तजवीज होईल तेवढी करा. वाटेच्या रक्षणाला चौक्या बसवा. मोठ्या तोफा ग्वाल्हेरला ठेवा, त्यांच्या महिन्याभराच्या खर्चाची सोय लावा, आणि मग पुढं निघा.